पहिल्या हाताची हवा

मीठदाणी झोपायच्या खोलीत, खिडकीच्या कट्ट्यावर. तिथे तिचं काय काम?

बाल्कनीतली बादली. सकाळी तो स्वतः रिकामी करतो, संध्याकाळी अर्धी भरलेली असते, आणि दुपारभर तर एसीचं यंत्र बंद असतं.

पत्र्यावर रंगवलेला निळा थेंब. टोक वर, पोट खाली, तळहाताएवढा.

कपाटाचा खालचा खण. दमट दिवसांत फुगून बसतो, पाय लावून ओढावा लागतो. परवा एका बोटाने उघडला.

पलंगाच्या डाव्या बाजूला उशी नाही.

मुलगी खोलीतून बाहेर पडली की तिच्या चष्म्याच्या काचा पांढऱ्याफटक होतात. स्वतः चष्म्याचं दुकान चालवणारी ही बाई क्षणभर आपल्याच आईबापांना ओळखत नाही.

कोपरापर्यंत उघडा हात, दाराच्या आत. बाकी सगळा माणूस बाहेर.

त्या दुपारी वाचनालयाच्या वाटेवर त्याच्या चपलेचा पट्टा तुटला आणि एक चप्पल पायात, एक हातात अशा अवतारात तो रोजच्यापेक्षा फार लवकर घरी परतला. आकाश खाली आलेलं. ऊन नाही, वारा नाही. हवा अशी की ओला टॉवेल कुणीतरी तोंडावर धरून ठेवलाय आणि काढायचं विसरून गेलंय. जिना चढताना कठड्याला हात लावला तर हाताला कठडा चिकटला. कुलूप स्वतःच्या किल्लीने उघडलं. बाहेरच्या खोलीत कोणी नव्हतं. बायको ज्यावर झोपते तो दिवाण नीट आवरलेला. शेजारी गेली असेल, असं म्हणून तो शर्टाची बटणं काढत झोपायच्या खोलीकडे गेला, मूठ फिरवून दार ढकललं, आणि हात आत गेला तसा तिथेच थांबला. हात आधी थांबला, मग तो. मनगटापासून कोपरापर्यंतचे केस, जे आता पांढरे झालेत आणि ज्यांची त्याला अजून लाज वाटलेली नाही, ते एकेक करून सुटे झाले. गार नव्हतं. गरमही नव्हतं. पाठीला चिकटलेला शर्ट मागून कुणी चिमटीत धरून अलगद उचलावा तसा सुटला. आणि डोळ्यांनी काही पाहायच्या आधी, डोक्याने काही म्हणायच्या आधी, हात म्हणाला: बरोबर. इतकी वर्षं हा शब्द हाताने उच्चारला नव्हता. वातड झालेल्या, दुखणाऱ्या, औषधाचा वास येणाऱ्या त्या हातात अजून तो शब्द शाबूत आहे हे कळून त्याची छाती, तिथल्या तिथे, उंबऱ्यावर, एक चप्पल हातात धरून, फुगली. मग डोळ्यांनी पाहिलं. पलंगाच्या डाव्या बाजूला, आपल्या जुन्या जागी, ती झोपली होती. डोक्याखाली उशी. गुडघ्यांवर शाल नाही. पाय उघडे, टाचा एकमेकींवर, चेहरा लहान मुलीसारखा सैल. भिंतीवरचं यंत्र अगदी हळू, तोंडातल्या तोंडात पुटपुटत होतं. तिच्या हाताजवळ रिमोट पडला होता आणि त्याच्या इवल्याशा काचेत थेंब होता.

त्याने दार ओढून घेतलं. आपल्याच खोलीचं दार चोरासारखं, मूठ दाबून धरून, आवाज न करता.

दिवाणावर बसला. चप्पल मांडीवर. दोन गोष्टी पाहिल्या होत्या आणि त्या दोन्ही एका वेळी डोळ्यात मावत नव्हत्या. ती खोलीत होती ही एक. थेंब ही दुसरी. पहिल्या गोष्टीने आनंद व्हायला हवा होता आणि दुसरीने अपमान, पण आत सगळी सरमिसळ झाली होती. धुलाईत एका कपड्याचा रंग दुसऱ्याला लागतो तसा आनंदाला अपमानाचा रंग लागला होता, की उलट? कारण हे यंत्र आल्यावर थोड्याच दिवसांत तिने त्या खोलीत झोपणं सोडलं होतं. सबंध उन्हाळा. त्याच्या मागून हे घामट, चिकट दिवस आले तरी नाही. आणि तिने परत यावं एवढं एकच त्याला हवं होतं, सकाळी उठल्याबरोबर, चहा घेताना, वाचनालयात पेपर उघडून एकही ओळ न वाचताना. पण परत ये असं म्हणायचं कसं, हे त्याला माहीत नव्हतं. आयुष्यात त्याने कुणाला ये म्हटलं नव्हतं. लोकच त्याच्याकडे यायचे.

हवामास्तर. कापडगिरणीत त्याला सगळे याच नावाने ओळखायचे. पगारपत्रकावर काहीतरी वेगळं होतं, ते त्यालाही आता आठवत नाही. विणाई खात्याची हवा त्याच्या ताब्यात होती. मागांवर धागा पळतो तो कोरड्या हवेत कडक होतो, तुटतो. फार ओल्या हवेत लोळा होऊन बसतो. मधे एक जागा असते. त्या जागेवर अख्ख्या खात्याची हवा धरून ठेवायची, भोंग्यापासून भोंग्यापर्यंत, शेकडो माग खडखडत असताना, बाहेर ऊन असो की धुकं. छताखालून पाण्याचे नळ गेलेले, नळांना फवारे, फवाऱ्यांना झडपा. भिंतीवर दोन पारे टांगलेले, एक सुका, एक ओल्या वातीत गुंडाळलेला, आणि दोघांतल्या फरकावरून हवेत पाणी किती ते कळायचं. तोही पारे बघायचा. पण आधी हात, मग पारे. पाऱ्याला कळायला वेळ लागतो, असं तो म्हणायचा, आणि म्हणताना अशा तोऱ्यात म्हणायचा की पाऱ्यालाच ओशाळं व्हावं. मागवाले हसायचे. "मास्तर, तुमच्या डोक्यात किती गेलीय ती मोजा एकदा." तोही हसायचा. त्यांचे धागे तुटत नव्हते, म्हणून त्यांना हसायला सवड होती.

त्या गिरणीत हवा देण्याघेण्याची एक रीत होती. कुठे लिहिलेली नव्हती, कुणी सुरू केली तेही ठाऊक नव्हतं. पाळी बदलताना जाणारा हवावाला खात्याच्या दाराबाहेर डाव्या बाजूला उभा राहायचा, हात मागे बांधून. येणारा बाही वर करायचा, उघडा हात कोपरापर्यंत दाराच्या आत घालायचा, स्वतः बाहेरच थांबायचा. मग म्हणायचा, "घेतली." तेवढा एक शब्द. तो शब्द आला की जाणारा मोकळा. डबा उचलायचा, घरी जायचं. शब्द आला नाही तर मोकळीक नाही. आत जाऊन झडपा फिरवायच्या, हवा सुधारायची, परत दाराशी येऊन उभं राहायचं. बाकीचे हवावाले एकमेकांची हवा घेऊन टाकायचे; सगळ्यांनाच घरी जायचं असतं. हा नाही. पहिल्या हाताला त्याने कधी कुणाची हवा घेतली नाही. हात घालायचा, डोळे मिटायचे, मान हलवायची. "दुसऱ्या रांगेत कोरडी आहे." जाणारा माणूस शिव्या हासडत परत आत शिरायचा, आणि दुसऱ्या रांगेत खरंच कोरडी असायची. एकदा एकाला त्याने इतका वेळ थांबवलं की त्याची बायको गिरणीच्या फाटकाशी येऊन उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मास्तर, याला सोडा नाहीतर तुम्हीच चला माझ्याबरोबर, घरात पंखा बिघडलाय." सगळं खातं हसलं. त्याने सोडलं नाही. हवा बरोबर झाल्यावर सोडलं.

आणि थेंब. झडपा पुष्कळ होत्या. वाफेची, पंख्याची, पाण्याची. घाईत चुकीची फिरू नये म्हणून पाण्याच्या प्रत्येक झडपेवर पत्र्याचा तुकडा बसवून त्याने आपल्या हाताने निळा थेंब रंगवला होता. थेंब दिसला की पाणी सोडायचं. थेंब म्हणजे फवारा, फवारा म्हणजे ओल, ओल म्हणजे धागा शाबूत. हे इतकं साधं होतं की त्यावर विचार करायचं कारणच नव्हतं. डोळ्याने थेंब पाहायचा आणि मनगट आपोआप फिरायचं. म्हणून मुलीने यंत्र घेऊन दिलं आणि मेकॅनिकने ते भिंतीवर चढवून रिमोट त्याच्या हातात ठेवला, आणि बटणं दाबत दाबत काचेत थेंब उमटला, तेव्हा त्याला शंका आली नाही. उलट जुना ओळखीचा माणूस परक्या गावात भेटावा तसं झालं.

"काका, हे ड्राय," मेकॅनिक म्हणाला. "दमट हवेत हे लावायचं. पंखा हळू राहतो, गार फार करत नाही, हवेतलं पाणी तेवढं—"

"सोडतं. कळलं."

"सोडतं नाही काका, ओढतं. ते बाहेर पाइपातून—"

"अहो, हवेत पाणी कसं सोडतात ते मला सांगताय?" त्याने रिमोट खिशात घातला. "गारव्याने यंत्राला घाम येतो, तो खाली ताटात साठतो. थोडा पाइपातून बाहेर जातो. थेंब दाबला की उरलेला खोलीत फेकतो. कोरड्या मुलखातल्या लोकांसाठी सोय आहे ती. आपल्याला काय उपयोग? इथे आधीच माणसं भिजलीत."

मेकॅनिकने मुलीकडे पाहिलं. मुलीने चष्मा पुसला. "बाबा, ते सांगतायत ते ऐका ना जरा. पुस्तकातही तसंच दिलंय."

"पुस्तक वाचून मी हवा शिकू?"

एवढं बोलणं झालं आणि विषय संपला. संपला कसला, पसरला. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला त्याने थेंबापासून सावध केलं. जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला ताटाची आणि घामाची हकिकत सांगितली. सांगताना हातवारे असे, आवाज असा की ऐकणाऱ्याने घरी जाऊन आपल्या यंत्राचा थेंब दाबायचं धाडस करू नये. शिंपी म्हणाला, "बरं झालं सांगितलंत, माझं सगळं कापड भिजलं असतं." हे वाक्य त्याला आठवडाभर पुरलं. घरात हुकूम निघाला: थेंबाला कोणी हात लावायचा नाही. बायको त्या वेळी चादरीच्या घड्या घालत होती आणि चादरीकडेच पाहत होती.

मग लगेच उन्हाळ्याचे चिकट दिवस सुरू झाले आणि त्याने चिकटपणाला गारव्याने मारायला घेतलं. चोवीसवर जमलं नाही. बावीस. वीस. यंत्र एकदम जोर करून खोली गार करायचं आणि दमून गप्प बसायचं, आणि ते गप्प बसलं की ती ओल परत भिंतींतून, गादीतून, पडद्यांतून सरपटत यायची. आता थंडगार ओल, बेडकाच्या पाठीसारखी. त्याला ती जाणवायची. त्याला नाही जाणवायची तर कुणाला? पण म्हणायचं काय? हवामास्तरच्या खोलीतली हवा बिघडलीय असं? त्याने अठरा केलं. बायको शाल घेऊन झोपू लागली. मग दोन शाली. मग पायमोजे. तिचे गुडघे रात्रभर कुरकुरायचे, लाकडी जिन्यासारखे, आणि तो कूस बदलून ऐकू न आल्यासारखं करायचा. एका संध्याकाळी ती उशी काखेत मारून खोलीबाहेर पडली. दारात वळून एवढंच म्हणाली, "तुमची गिरणी तुम्हालाच लखलाभ. माझी बदली बाहेरच्या खात्यात." चिडून नाही, हसत. चिडली असती तर भांडता आलं असतं. तेव्हापासून पलंगाची डावी बाजू तशीच. चादरीला सुरकुती नाही, आणि तो अठरावर, एकटा, गारठलेला, चिकट, आणि अजूनही आपलंच खरं.

आता दुपारी, दिवाणावर, मांडीवरच्या चपलेचा तुटका पट्टा बोटाला गुंडाळत आणि सोडत तो ऐकत होता. बाल्कनीत थेंब पडत होते. टप्. मग बराच वेळ काही नाही. टप्. बादलीत. खोलीतलं पाणी, गादीतलं, पडद्यांतलं, त्याच्या हट्टातलं पाणी, पाइपातून बाहेर येऊन बादलीत. रोज संध्याकाळी हीच बादली तो बाल्कनीतल्या कुंड्यांना ओतत होता आणि रात्रीचं पाणी आहे म्हणत होता, सकाळी आपणच ती रिकामी केलीय हे माहीत असून. एखादी गोष्ट कळू न देण्याचं काम माणूस किती इमानाने करतो. मीठदाणी. खण. खिडकीच्या कट्ट्यावर मीठदाणीशेजारी काडेपेटीही होती, आत्ता आठवलं, आणि बिस्किटांचा डबा. रोज दुपारी त्याची पाठ वळली की ती आपलं घर घेऊन त्या खोलीत जात होती, मिठासकट. आणि तो यायच्या आधी उशी उचलून, चादर ओढून, बटण बंद करून बाहेर. मीठ मात्र राहून जात होतं. की ठेवत होती?

उठून पुन्हा बाहेर जावं असं मनात आलं. जिन्यात बसावं, नेहमीच्या वेळेला यावं, कुणीच काही पाहिलं नाही. उद्या दुपारी ती पुन्हा झोपेल, उघड्या पायांनी, त्याच्या नकळत, त्याच्या खोलीत. हवामास्तर हवामास्तरच राहील. शिंपीही सुखात. तो उठलाही. एक पाय चपलेत घातला. आणि थांबला, कारण ते राहून राहून आतून वर येत होतं, दाबलं तरी: हवा बरोबर होती. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणीतरी केलेली हवा, पहिल्या हाताला, रांगेत कुठे कोरडी नाही, कुठे ओली नाही, मधल्या त्या जागेवर अगदी स्थिर. आणि ती त्याच्या घरात होती. हे तो कुणाला सांगणार नव्हता? अशी हवा पाहिली आणि गप्प बसला, असा हवावाला तो कधीच नव्हता. शिव्या दिल्या असतील, थांबवलं असेल, पण खोटं बोलला नव्हता. पाय चपलेतून बाहेर काढला. बसला.

दार उघडलं. ती बाहेर आली, काखेत उशी, केस एका बाजूला चपटे झालेले. त्याला पाहून तिची पावलं जागच्या जागी थांबली. मग ती सावकाश पुढे आली आणि उशी दिवाणावर, त्याच्या शेजारी ठेवली, जशी काही ती नेहमी अशीच खोल्यांतून फिरवायची असते.

"आज लवकर?"

"पट्टा तुटला."

"केव्हा आलात?"

"हे काय, आत्ताच."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "आत्ताच आलेला माणूस इतका गप्प नसतो. आत्ताच आला असतात तर एव्हाना खिडक्यांवरून माझी हजेरी घेऊन झाली असती."

तो पट्टा बोटाला गुंडाळू लागला. "मीठ का ठेवलंयस आत?"

"मोकळं होतं म्हणून."

"काडेपेटी?"

"पेटते म्हणून."

"आणि तू?"

ती समोरच्या खुर्चीवर बसली. बसताना गुडघ्यावर हात दाबला नाही. तो पाहत होता. "मीही मिठासारखीच," ती म्हणाली. "मोकळी होते."

"मला सांगायचं नाही?"

"तुम्हाला? हवेचं? मला हवेचं सांगणारा अजून जन्माला यायचाय, असं तुम्हीच म्हणता. मी तर कधीच जन्मून बसलेय. माझा नंबर कसा लागणार?"

त्याला हसू आलं, ते त्याने नाकातच अडवलं. "मेकॅनिकचं ऐकलंस म्हणजे."

"मेकॅनिक एक म्हणाला, तुम्ही एक म्हणालात. मी कापडाला विचारलं."

"कापडाला?"

"चादरीला." तिने साडीचा पदर उचलला आणि अंगठा आणि दोन बोटांत धरून हलकेच चोळला, आणि त्या एका हालचालीबरोबर खोलीतून पन्नास वर्षं निघून गेली. कापड तपासणी खात्यातलं लांब टेबल, वरून पडणारा पांढरा उजेड, टेबलावरून सरकत जाणारं कोरं कापड आणि टेबलाच्या दोन्ही बाजूंना उभ्या मुली, हातात खडू. धागा तुटला तिथे खूण, गाठ आली तिथे खूण. तिसरी मुलगी, वेणी छातीवर टाकलेली, कापडाकडे न बघता दुसरीकडेच बघत बोटांनी कापड वाचणारी. लग्नाआधी तो त्या खात्यात उगाचच जायचा. हवा बघायला, असं सांगायचा. तपासणी खात्यात हवा बघण्यासारखं काही नसतं.

"थेंबाने पाणी पडणार असेल तर आधी चादरीवर पडेल की नाही?" ती म्हणाली. "तुम्ही गेल्यावर बटण दाबलं आणि चादरीला हात लावून बसले. म्हटलं, ओल चढली की बंद करीन. थोड्या वेळाने चादर सैल वाटली, मग हलकी, मग अशी खडखडीत झाली की घडी घालताना आवाज यायला लागला. आणि गारही नाही. मग मी आडवी झाले."

"थेंब म्हणजे पाणी," तो म्हणाला. हट्टाने नाही. पाठ केलेला धडा शेवटचा म्हणून बघावा तसा.

"पाणीच. तुमच्या झडपेवर होता तेव्हा ते आत यायचं. इथे बाहेर जातं. एवढंच."

टप्. बादलीत.

"शिंप्याला काय सांगू आता?"

"सांगा, मास्तरांनी नवीन शोध लावला." ती हसली. मग हसू तसंच ठेवून, पण आवाज उतरवून, म्हणाली, "एक सांगू? तिकडे तुमच्या पाळीचं कापड टेबलावर आलं ना, की आम्ही खडू खाली ठेवायचो. सगळ्याच. बोलायचं कुणी नाही, पण बोटांना कळायचं. त्या कापडात तुमची हवा असायची. मी नुसता हात फिरवत राहायचे, काम नसताना."

त्याने तोंड फिरवलं. भिंतीवर काही नव्हतं, तिकडे पाहत राहिला. "हे कधी बोलली नाहीस."

"तुमचं नाक तेव्हाच छताला लागलेलं होतं. आणखी वर गेलं असतं तर फवारे मोडले असते."

तो उठला. शर्ट पुन्हा पाठीला चिकटला होता. ती म्हणाली, "आत जा, शर्ट बदला, चालूच आहे," आणि पुढे होऊन तिने दार उघडलं. तो दाराशी आला आणि त्याच्या नकळत त्याचा डावा हात उजव्या बाहीकडे गेला आणि ती दुमडू लागला, एक घडी, दोन, कोपराच्या वर. तिने ते पाहिलं. पाहिलं आणि दाराच्या डाव्या बाजूला सरकली, पाठ भिंतीला न लावता सरळ उभी राहिली आणि हात मागे बांधले. तपासणी खात्याची खिडकी विणाई खात्याच्या दारावर उघडत होती. त्या मुलींनी रोज काय काय पाहिलं असेल हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"घ्या," ती म्हणाली. थट्टेत. पण उभी होती ती थट्टेत नव्हती.

त्याने हात कोपरापर्यंत आत घातला. स्वतः बाहेरच थांबला. डोळे मिटले. आणि आता, हात त्या हवेत असताना, त्याला रीत पुरती आठवली, शेवटपर्यंत. शब्द आला की जाणारा मोकळा. शब्द आला की ती डबा उचलणार, म्हणजे उशी, म्हणजे दिवाण. नाही म्हटलं, दुसऱ्या रांगेत कोरडी आहे, खिडकीशी ओल आहे म्हटलं, तर तिला आत जावं लागेल, बटणं दाबावी लागतील, पुन्हा दाराशी यावं लागेल. संध्याकाळ होईल, तो मान हलवत राहील आणि ती थांबेल. थांबवायची एकच तऱ्हा त्याला आयुष्यभर येत होती. मान हलवायला सवयीने सुरुवातही झाली, अगदी थोडी, हनुवटी डावीकडे गेली. पण हात तिकडे होता, आणि हाताभोवती सगळीकडून ती हवा होती, हलकी, सरळ, विणलेली. कुठे एक धागा तुटलेला नाही. ही हवा नाकारली तर हात पुन्हा कधी बोलणार नाही, असं त्याला वाटलं. आणि ती बाजूला उभी होती, नाकातून हळू श्वास घेत, आणि तिचं सगळं लक्ष त्याच्या तोंडाकडे होतं, हे मिटल्या डोळ्यांनाही कळत होतं.

"घेतली," तो म्हणाला.

"पहिल्या हाताला?"

"पहिल्या हाताला."

"मग मी मोकळी?"

"मोकळी."

तिने हात सोडले आणि ती बाहेरच्या खोलीकडे गेली. त्याने आत जाऊन शर्ट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि दुसरा न घालता उघड्या अंगाने पलंगाच्या उजव्या बाजूला बसून राहिला. पाठीला हवा लागत होती. बाहेर तिची पावलं, दिवाणाचा कुरकुर आवाज, कपाट, पुन्हा पावलं. तो ऐकत नाही असं दाखवायला कोणी समोर नव्हतं म्हणून ऐकत होता. छातीत मात्र काहीतरी ताठ उभं होतं आणि ते खाली बसायला तयार नव्हतं. हे दुःख नव्हतं. अशी हवा त्याच्या घरात झाली, आणि ती त्याने ओळखली, आणि म्हटली. शिंप्याला तो सांगणार होता. ताटाबद्दल नाही, हिच्याबद्दल.

ती आली. एका हातात उशी, दुसऱ्यात दोन्ही शाली आणि पायमोजे. शाली आणि मोजे तिने कपाटाशी नेले, खालचा खण एका बोटाने ओढला, आत टाकले, पायाने खण लोटून दिला. उशी डाव्या बाजूला ठेवली, थोपटली.

"तू मोकळी होतीस ना?" तो म्हणाला.

"मोकळ्या माणसाने कुठे बसायचं ते तोच ठरवतो," असं म्हणून ती बसली, पाय वर घेतले आणि रिमोट उचलून त्याच्या बाजूला नाही, आपल्या बाजूला ठेवला. "आणि ते अठराबिठरा आता बंद."

"हवा तुझी आहे, तू ठरव," तो म्हणाला.

"ती खडखडीत चादर ऐका आधी," ती म्हणाली आणि तिने तळहाताने चादर त्याच्याकडे सरकवली, आणि खरंच, आवाज आला.

गिरणी बंद झाली त्या दिवशी शेवटच्या पाळीच्या अखेरीला तो दाराबाहेर डाव्या बाजूला हात मागे बांधून उभा होता. त्याची हवा घ्यायला कोणी आलं नव्हतं.